कुत्र्याचं सोनेरी नाक

मॉस्को मेट्रोच्या प्लोश्चाद रेव्होल्युत्सी स्टेशनचा एक व्हिडिओ परवा मी चार वेळा बघितला, आणि खरं सांगायचं तर पुतळे बघायला नाही, लोकांचे हात बघायला. स्टेशन १९३८ चं. शिल्पकार मात्वेई मानिझरने केलेले ७६ ब्राँझचे पुतळे आहेत तिथे, सैनिक, खलाशी, शेतकरी, खेळाडू, आणि कमानी बुटक्या म्हणून बिचारे बहुतेक सगळे एकतर बसलेले नाहीतर गुडघे टेकून वाकलेले.

त्यात सीमेवरचा एक जवान आहे, शेजारी त्याचा कुत्रा. कुत्रा सगळा काळपट चॉकलेटी, नाक मात्र पिवळंधमक! परीक्षेआधी ते चोळलं की पेपर सोपा जातो म्हणे. व्हिडिओत एकजण येतो, मोबाइल कानाला, परीक्षेचं वय कधीच उलटून गेलेलं, कुत्र्याकडे ढुंकूनही बघत नाही पण चालता चालता हात बरोब्बर नाकावरून फिरतो आणि परत खिशात. एक सेकंद पण नाही.

गंमत म्हणजे ते नाक कुणी सोनेरी केलेलं नाहीये. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, ओतल्यावर ते मुळात असंच पिवळसर चमकतं, मग शिल्पकार त्याला तापवून रसायनं लावून मुद्दाम काळपट रंग चढवतात. तो थर अगदीच पातळ असतो, रोज हजारो हात लागले की झिजतो आणि आतलं खरं ब्राँझ वर येतं. म्युझियममध्ये असं कुणी केलं असतं तर गार्ड धावत आला असता.

म्हणून मला वाटतं स्टेशनातला पुतळा हात पोचेल एवढाच असावा. लंडनच्या सेंट पँक्रसला पॉल डे यांनी केलेलं मिठी मारलेलं जोडपं आहे, तब्बल ९ मीटर उंच, लोक मान वर करून फोटो काढतात आणि निघतात. त्याच स्टेशनात कवी बेट्जमन यांचा पुतळा मात्र जमिनीवरच उभा आहे, एका हाताने हॅट सांभाळत छताकडे बघणारा, गाडी पकडायला आलेल्या एखाद्या प्रवाशासारखा. मला तोच जास्त आवडतो. (हे छत आज आहे त्यात त्यांचा मोठा वाटा, १९६० च्या दशकात स्टेशन पाडू नका म्हणून ते भांडले होते.)

मॉस्कोच्या त्याच स्टेशनात एक कोंबडापण आहे. त्याला हात लावला तर दिवस वाईट जातो म्हणे. तोही चकचकीत आहे.