धनुर्विद्येत श्वास कुठे थांबवायचा

पोराच्या छातीत दम भरला की नेम आपोआप सुधारेल, असं समजून पालक त्याला फुगे फुगवायला लावतात. नेमासाठी लागतो तो दर बाणाला त्याच जागी थांबलेला श्वास.

रिकर्व्हची (टोकं पुढे वळलेल्या ऑलिंपिक धनुष्याची) साइट, म्हणजे नेम धरायची खूण, डोळ्यापासून साधारण ८५ सेंटिमीटरवर असते. ती १ मिलिमीटर हलली की ७० मीटरवर बाण ८ सेंटिमीटर सरकतो. दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे मधोमध जाणारा बाण नऊत. श्वास चालू असला की छातीबरोबर खांदा एवढा सहज हलतो.

धनुष्य उचलताना नाकाने श्वास घ्या. पोट फुगू दे, खांदे चढायला नकोत. दोरी हनुवटीखाली टेकली की घेतलेल्यातला निम्मा श्वास सोडून थांबा. गळा आवळू नका, नाहीतर छातीतले ठोके साइटवर दिसायला लागतात. छाती गच्च भरली तर दोरी छातीवर बांधलेल्या चेस्टगार्डला घासते. पार रिकामी केली तर पाठ ढिली पडते आणि क्लिकर (बाण पूर्ण ओढला की टिक वाजणारी पट्टी) वाजतच नाही. तो ३-४ सेकंदांत वाजायला हवा. सात-आठ सेकंद गेले की नजर धूसर होते, हात थरथरतो. अशा वेळी धनुष्य उतरवा. मुलं नेमकी इथेच चुकतात, ‘ओढलंय तर सोडूनच टाकू’ म्हणतात.

बाण टार्गेटवर उभ्या रेघेत पसरले तर आधी श्वास तपासा. बांबूच्या धनुष्याला क्लिकर नसतो, तिथे कोचने मागे उभं राहून मोठ्याने आकडे मोजावेत.

दमसास कामी येतो तो मधल्या वेळात. ७२ बाण, सहा-सहाचे बारा एंड (फेऱ्या) म्हटले तर नुसतं बाण आणण्यात जवळपास १.७ किलोमीटर चालणं होतं. परतल्यावर ठोके पटकन उतरायला हवेत, आणि मे महिन्यात कोकणात घाम वाळत नाही म्हणून ते चढेच राहतात. सराव सकाळी, खारे वारे सुटायच्या आत उरका. आठवड्यातून तीनदा ओहोटीच्या ओल्या वाळूवर अर्धा तास भरभर चाला. रात्री उताणं झोपून पोटावर वही ठेवा: ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, पाच मिनिटं. वही वरखाली झाली पाहिजे.

दमा असलेल्या मुलांना या खेळातून काढू नका. पावसाळ्यात शेडमधल्या गवती टार्गेटला बुरशी धरते आणि बाण उपटताना ती नाकात जाते. असं टार्गेट बदला. दम्यावरचा सॅल्ब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मर्यादेत स्पर्धेत चालतो. ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांवर मात्र धनुर्विद्येत स्पर्धेबाहेरही बंदी आहे.