नकार कळवल्यानंतरचा रविवार

जालना, रविवार, १० मे

गेल्या सोमवारी हैदराबादच्या एका बियाणे कंपनीचे नियुक्तिपत्र हाती आले आणि गुरुवारी दुपारी मी त्यांना नकार कळवला. मधल्या तीन दिवसांत जे काही मनात आले ते विरून जाण्याआधी इथे लिहून ठेवते आहे.

पद उगवणशक्ती तपासणी विभागाच्या प्रमुखाचे होते आणि पगार आताच्या जवळपास दीडपट. जालन्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षे सोयाबीन, तूर आणि कापसाचे नमुने तपासणाऱ्या माझ्यासारखीला हैदराबादहून बोलावणे येणे ही लहान गोष्ट नव्हे, कारण आमच्या व्यवसायात हैदराबादचे स्थान फार मोठे आहे. जालन्यालाही या क्षेत्रात मान आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि त्यांच्या मागोमाग अनेक लहानमोठ्या कंपन्या या गावात उभ्या राहिल्या. मात्र या गावांतली माणसे सतत इकडून तिकडे जात असतात, त्यामुळे आज ज्यांना आपण नाही म्हणतो तेच उद्या एखाद्या प्रशिक्षणात किंवा तपासणी समितीत समोर बसलेले असतात. नकार द्यायचा तर तो कसा द्यायचा, याचा विचार म्हणूनच मला पगाराच्या आकड्यापेक्षा अधिक काळ पुरला.

कारण सरळ होते. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि त्यांची बदली राज्याबाहेर होऊ शकत नाही. मुलगा जूनमध्ये नववीत जाईल. त्याला नव्या बोर्डात आणि नव्या भाषेच्या गावात नेणे मला पटत नव्हते आणि त्याला इथे ठेवून मी एकटीने तिकडे राहणे तर मनाला मुळीच मानवत नव्हते. यांनी बिनपगारी रजा काढायची तयारी दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "तू जा, मी बघते इथलं." घरातल्या कुणीही अडवले नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे कधी खंत वाटलीच तर तिचा भार त्यांच्यावर पडू नये. निर्णय माझा आहे आणि तो मी मंगळवारी रात्रीच घेतला होता.

निर्णय झाल्यावरही बुधवारचा पूर्ण दिवस मी काहीच कळवले नाही, याचे मला वाईट वाटते. उत्तर द्यायची मुदत सोमवारपर्यंत होती आणि "अजून वेळ आहे" असे मी स्वतःला सांगत राहिले. त्याच रात्री मला मागच्या वर्षीचा मे आठवला. आमच्याकडे विश्लेषकाच्या जागेसाठी एकाची निवड झाली होती, त्याने होकार कळवला होता, रुजू होण्याची तारीखही ठरली होती आणि त्या दिवशी तो आलाच नाही. फोन बंद होता. आठवडाभराने समजले की तो दुसरीकडे रुजू झाला आहे. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते, मळणीत आणि हाताळणीत ते दुखावले की उगवण घसरते आणि प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवणशक्ती लागते, म्हणून पेरणीआधीच्या या दिवसांत आमच्याकडे नमुन्यांची रीघ लागलेली असते. त्याच्या वाट्याचे काम आम्ही तिघींनी रात्री दहा दहा वाजेपर्यंत थांबून उरकले. त्याने नकार दिला याचा राग मला तेव्हाही नव्हता. त्याने वेळेवर सांगितले असते तर यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला बोलावता आले असते, एवढेच. हैदराबादच्या त्या प्रयोगशाळेतही आत्ता हीच धांदल असणार आणि त्यांच्याही यादीत दुसरे कुणीतरी फोनची वाट पाहत असणार, हे लक्षात आल्यावर सोमवारपर्यंत थांबणे मला लबाडीचे वाटू लागले.

ई-मेल पाठवण्याआधी फोन करायचा, हे मी ठरवूनच ठेवले होते. मुलाखत घेणारे विभागप्रमुख परभणीच्या कृषी विद्यापीठात माझ्या बारा वर्षे आधी शिकलेले आहेत. मुलाखतीनंतर त्यांनी पाऊण तास वेळ काढून मला प्रयोगशाळेतली यंत्रे दाखवली होती. अशा माणसाला माझा नकार मनुष्यबळ विभागाकडून आलेल्या पत्रातून कळावा, हे मला योग्य वाटेना. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. पहिल्याच वाक्यात सांगितले, "सर, मला ही नोकरी स्वीकारता येणार नाही आणि हे आधी तुम्हाला सांगायचे होते." आडवळणाने सुरुवात केली असती तर ते मन वळवण्याच्या तयारीला लागले असते आणि मी भिडेपोटी "विचार करून सांगते" म्हणून बसले असते. त्यांनी कारण विचारले, मी सांगितले. पगार वाढवला तर जमेल का, असेही त्यांनी विचारले. त्याचे उत्तर देताना माझा आवाज थोडा कापला, पण अडचण पगाराची नाही हे खरेच होते, म्हणून तसेच सांगितले.

ई-मेल इंग्रजीत पाठवायचा होता, तरी आधी मी तो मराठीत लिहून काढला. पहिला मसुदा पानभर झाला होता. त्यात चार वेळा क्षमा मागितली होती, मुलाची शाळा होती, सासूबाईंचा गुडघा होता आणि सगळे वाचल्यावर मी काहीतरी गुन्हा केल्यासारखे वाटत होते. दुसऱ्या मसुद्यात "काही वैयक्तिक कारणास्तव" एवढेच लिहिले, तर ते इतके कोरडे झाले की फोनवरचा सगळा मोकळेपणा त्याने पुसून टाकला असता. शेवटी पाच वाक्ये ठेवली: निवडीबद्दल आणि त्यांनी दिलेल्या वेळेबद्दल आभार, स्पष्ट नकार, पुढची दोन वर्षे कुटुंबासाठी जालन्यातच राहण्याचा निर्णय, त्यांच्या प्रयोगशाळेतली नोंदींची शिस्त मला मनापासून आवडल्याचा उल्लेख आणि मुलाची दहावी झाल्यावर मी स्वतः संपर्क साधेन, तेव्हा योग्य जागा असल्यास माझा विचार व्हावा ही विनंती.

शेवटच्या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. "भविष्यात संधी मिळाल्यास आनंद होईल" असे प्रत्येकजण लिहितो आणि ते वाचणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. मला खरोखरच पुढे तिथे काम करायचे आहे, म्हणून मी काळ नेमका लिहिला. ती जागा माझ्यासाठी राखून ठेवावी असे मात्र शब्दांतून कुठेही सुचू दिले नाही, कारण तसे मागण्याचा मला अधिकार नाही.

इथल्या साहेबांना मी शुक्रवारी सांगितले, तेही नकार पाठवून झाल्यावर. ते पत्र आधी दाखवून पगार वाढवून घे, असा सल्ला दोघातिघांनी दिला होता. सल्ला देणाऱ्यांचे हेतू चांगले होते, पण मला तो मार्ग आवडत नाही. पगारवाढ मागायची असेल तर माझ्या कामावर मागेन. दुसऱ्याने विश्वासाने दिलेले पत्र घासाघीस करण्यासाठी वापरले आणि ते हैदराबादला कळले, तर दोन वर्षांनी मी कोणत्या तोंडाने फोन करणार?

फोनवर सरांनी या कामासाठी दुसरे कुणी सुचवता येईल का, असे विचारले होते. पूर्वी आमच्याकडे असलेली आणि सध्या नांदेडला काम करणारी एक मुलगी लगेच डोळ्यांसमोर आली, पण तिला न विचारता तिचे नाव देणे बरोबर नव्हते. संध्याकाळी तिला विचारले. तिने होकार दिल्यावरच तिचा नंबर त्यांना कळवला.

आज सकाळी सरांचे उत्तर आले. त्यांनी लिहिले आहे, "लवकर कळवलेत, त्यामुळे आमचे काम सोपे झाले. बुधवारी तुमच्या मुलीची मुलाखत ठेवली आहे." 'तुमच्या मुलीची' हे शब्द मी दोनदा वाचले. तिला मुलाखतीआधी वाळूतल्या उगवण चाचणीची माझी जुनी नोंदवही हवी आहे. ती उद्या सकाळी नांदेडच्या गाडीने पाठवायची आहे आणि पेरणीची घाई ओसरल्यावर, पोळ्याच्या सुमारास, सरांना एक फोन करायचा आहे.