भिंतीतलं भोक आणि ताई ची

घराणं म्हटलं की मूळपुरुष भारदस्त लागतो. ताई ची या चिनी युद्धकलेला तो मिळाला चांग सानफंग, वूतांग डोंगरावरचा ताओपंथी सिद्धपुरुष. त्याच्या अनेक कथांपैकी एकीत तर साप आणि पक्ष्याची झुंज पाहूनच त्याला ही विद्या सुचली! १९३०च्या दशकात थांग हाओ नावाचा चिकित्सक संशोधक हनान प्रांतातल्या छनच्यागौ खेड्यात गेला आणि छन कुळाच्या वंशावळी चाळत बसला. त्याने मूळपुरुष ठरवला तो सतराव्या शतकातला छन वांगथिंग. 'रिकामा असलो की डाव रचतो, काम पडलं की शेत नांगरतो', अशा अर्थाची कविता या गृहस्थाच्या नावावर आहे. मला सिद्धपुरुषापेक्षा हा नांगरवालाच जवळचा वाटतो.

पुढे या कुळातल्या छन चांगशिंगकडे हबेई प्रांतातला याङ लूछान (१७९९–१८७२) शिकायला आला. बाहेरचा माणूस, म्हणून तो घरगडी होऊन राहिला आणि रात्री भिंतीच्या भोकातून बघून शिकला, असं रंगवून सांगतात. छान आहे, पण पटत नाही. मनगटाला मनगट भिडवून समोरच्याचा जोर ओळखायचा, हा इथला मुख्य सराव; तो भोकातून कसा येणार? गुरूने शिकवलंच असणार.

याङने बीजिंगात मांचू सरदारांना धडे दिले. त्याचा नातू याङ छंगफू याने डाव संथ, ऐसपैस केले आणि आदळआपट गेली. १९५६ साली सरकारी क्रीडा खात्याने त्यातून २४ हालचालींचा संच बांधला. पाच-सहा मिनिटांत आटोपणारा हा संच आज जगभरच्या बागांत चालतो.

मूळ छन शैली पाहिली तर दचकायला होतं. उजवी मूठ डाव्या तळव्यात आदळते, त्याच क्षणी उजवा पाय धाडकन जमिनीवर. या डावाचं नावच 'वज्रधारी उखळात कांडतो'. मध्येच उड्या, मध्येच विजेसारखा ठोसा. १९२८ मध्ये याच कुळातले छन फाखं ही शैली घेऊन बीजिंगला आले, तेव्हा याङची ताई ची तिथे कधीच मुरली होती. 'ही कसली ताई ची?' असं कुणीतरी म्हणालंच असणार.

छन कुळाने मात्र याङशी वाकडं धरलेलं दिसत नाही. तो जिथे शिकला म्हणतात, ती जागा छनच्यागौमध्ये पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.