तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्गनला कोण बसलंय?

शहरात संगीत नाटकाची जाहिरात लागली की माझ्या फोनवर ठरलेला प्रश्न येतो. "ताई, जावं का? तिकीट जरा जास्तच वाटतंय. आणि मूळ संचातलं कोणीच नाही म्हणे." दिसायला प्रश्न एकच, पण त्याच्या पोटात तीन तक्रारी असतात: नाटक जुनं, माणसं नवी, पैसे जास्त. मलाच का विचारतात? तर मी जाते म्हणून. तिकीट काढून जाते आणि आल्यावर कुरकुरतेही. हे दोन्ही गुण एका माणसात सहसा सापडत नाहीत.

उदाहरणादाखल 'कट्यार काळजात घुसली' घेऊ. नागपुरात बसून दुसरं कुठलं घेणं म्हणजे घरचा देव सोडण्यासारखं होईल. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर इथले, रंजन कला मंदिराचे दारव्हेकर मास्तर. त्यातला गवई खाँसाहेब अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, पण गाणं शिकले ते इथे, शंकरराव सप्र्यांकडे. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. नाटक रंगमंचावर आलं १९६७ च्या डिसेंबरात. त्याच वर्षीच्या जुलैत बालगंधर्व गेले होते. संगीत नाटक संपलं असं लोकांनी बोलूनही टाकलं असणार, आणि पाच महिन्यांत हे आलं. संगीत रंगभूमीचे मृत्युलेख लिहिणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात.

आता 'मूळ संच'. वसंतराव १९८३ साली गेले. म्हणजे त्यांचा खाँसाहेब जाणतेपणी पाहिलेला माणूस आज साठीच्या अलीकडचा असणं अवघड. तरी पंचेचाळिशीतली मंडळी मला छातीठोकपणे सांगतात, "वसंतरावांची सर नाही हो." वसंतराव कुठे पाहिले, असं मी विचारत नाही, कारण उत्तर माहीत असतं. त्यांनी ध्वनिमुद्रिका ऐकलेली असते. कॅसेटवर, रेडिओवर, आता फोनवर. त्यात वाईट काही नाही, मीही तशीच वाढले. पण रेकॉर्डिंगमधलं पद आणि नाटकातलं पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण नव्या नटाला मापतो ते रेकॉर्डिंगच्या पट्टीने.

'या भवनातील गीत पुराणे' घ्या. घरी ऐकताना ती एक डौलदार चीज असते. रंगमंचावर ते पद कुठे येतं ते आठवा. खाँसाहेब राजगायक झालेत, त्याबरोबर मिळणारी हवेली त्यांना मिळालीय, आणि ती कालपर्यंत त्यांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजींची होती. भिंतींना अजून दुसऱ्याच्या गाण्याची सवय आहे. तिथे उभा राहून हा माणूस जुन्या सुरांना चालते व्हा म्हणतो. हे म्हणताना नट कुठे बघतो? पंडितजींच्या बैठकीकडे, दाराकडे की प्रेक्षकांकडे? मी पाहिलेल्या एका नव्या खाँसाहेबाने पहिली ओळ म्हणता म्हणता तिथल्या तक्क्यावरची चादर दोन बोटांनी उचलून पाहिली आणि टाकून दिली. तान त्याची साधारणच होती. पण त्या दोन बोटांत जो माज होता, तो कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये सापडणार नाही. माझे तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले.

पुढचा नेहमीचा वाद असा की गायकाला अभिनय शिकवावा की नटाला गाणं. २०१५ च्या सिनेमाने हा प्रश्न सोपा करून टाकला. सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांना गळा राहुल देशपांड्यांचा, सुबोध भाव्यांच्या सदाशिवाला, म्हणजे गाणं शिकायला आलेल्या तरुणाला, महेश काळ्यांचा. चेहरा एकाचा, सूर दुसऱ्याचा, आणि पडद्यावर ते शोभलंही. पंडितजींचं काम केलेले शंकर महादेवन तेवढे स्वतःचं गायले. रंगमंचावर ही सोय नाही. तिथे घाम आणि तान एकाच शरीरातून यावी लागते. म्हणूनच २०१० च्या आसपास हे नाटक पुन्हा उभं राहिलं तेव्हा राहुल देशपांडे आणि महेश काळे स्वतःच उभे राहिले. राहुल हे वसंतरावांचे नातू; नातवाने आजोबांची भूमिका केली म्हणून लोक भावुक झाले, ते ठीक. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते: मैफलीत गादीवर बसून गाणाऱ्या माणसांनी उभं राहून, चालत, समोरच्याच्या डोळ्यांत बघत गायची तयारी दाखवली. हे वाटतं तितकं सोपं नाही. बैठकीतल्या गायकाचे हात सुराबरोबर हवेत फिरतात, नाटकात त्या हातांना भूमिकेचं ऐकावं लागतं.

माझं मत विचाराल तर दोन भूमिकांना दोन वेगळे नियम लावावेत. खाँसाहेब गळ्याने कमी पडला तर नाटकच कोसळतं, कारण बाकी सगळ्यांचं दुःख त्याच्या गाण्याच्या ताकदीवर उभं आहे. सदाशिवाचं तसं नाही. तो शिकायला आलेला पोरगा, नोकर बनून हवेलीत राहतो, चोरून ऐकतो. पहिल्यापासूनच तो तयारीचा गायला लागला तर मग शिकायला कशाला आला, असं मला वाटत राहतं. म्हणून नवखा, जरा कच्चा सदाशिव मला चालतो. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू मात्र त्याचं पोट बघून नाराज होतात. मी त्यांना म्हटलं, काकू, बालगंधर्व उतारवयात, अंगाने सुटल्यावरही नायिका करत होते आणि लोक पदांना वन्स मोअर देत होते. काकू म्हणाल्या, "ते बालगंधर्व होते." यावर काय बोलणार.

सिनेमाचा एक उपद्रव मात्र झालाय. मध्यंतरात वड्याच्या रांगेत एक गृहस्थ पाठीमागच्याला सांगत होते, "एवढे पैसे घेऊन राहिले अन् सूर निरागस म्हणलंच नाही का जी?"

"ते पिक्चरमधलं आहे काका. नाटकात नसते ते."

"मग तसं बाहेर लिहायचं ना बाप्पा!"

मला हसू आलं, पण त्यांचं अगदीच चूक नव्हतं. ते गाणं सिनेमासाठी नव्याने केलेलं. पण जाहिरात सिनेमाच्या लोकप्रियतेवर स्वार होऊन केली असेल तर माणूस तीच अपेक्षा घेऊन येणार. काही संच आता हळूच अशी गाणी नाटकात घालतातही. मला ते पटत नाही. अभिषेकींनी त्या त्या घराण्याचा, त्या त्या माणसाचा विचार करून चाली बांधल्या. पंडितजींचं गाणं आणि खाँसाहेबांचं गाणं कानाला वेगळं लागलं पाहिजे, सगळं नाटक त्या फरकावर उभं आहे. त्यात मधेच तिसऱ्याच वळणाचं गाणं आलं की टाळ्या मिळतात आणि नाटक पाच मिनिटं थांबतं.

आता मुख्य मुद्दा. व्हरायटी चौकातल्या होर्डिंगवर मालिकेतले चेहरे मोठे असतात. साथीदारांची नावं असलीच तर मुंगीएवढी. मी तिकीट काढण्याआधी फोन करून एकच विचारते: ऑर्गनला कोण आहे, तबल्याला कोण, आणि साथ प्रत्यक्ष आहे ना? आयोजक पहिल्यांदा गोंधळतात. मग कोणाला तरी विचारून सांगतात. कधी उत्तर येतं, "मॅडम, म्युझिक एकदम क्लिअर आहे, स्टुडिओचं रेकॉर्डेड आहे." तेव्हा मी आभार मानून फोन ठेवते आणि जात नाही.

हा हट्ट का, ते सांगते. ऑर्गनवाला पायाने भाता मारत असतो, हात पट्ट्यांवर आणि नजर नटावर. नटाचा श्वास कुठे संपतोय ते त्याला आधी कळतं. वसंतराव देशपांडे सभागृहातला एक प्रयोग आठवतो. (त्या सभागृहात खाँसाहेब उभा करायचा म्हणजे आधीच केवढं दडपण!) सदाशिव झालेल्या मुलाचा आवाज वरच्या षड्जावर फाटला. सभागृहात एक क्षण सगळ्यांचे चेहरे पडले. ऑर्गनवाल्याने तोच षड्ज धरून ठेवला, जरा भरला, तबलजीने ठेका सैल सोडला, मुलाने खाली उतरून श्वास घेतला आणि दुसऱ्या आवर्तनात समेवर नीट येऊन बसला. टाळी पडली ती मुलाला. खरं तर ती विंगेजवळ बसलेल्या त्या दोघांची होती. मुद्रित साथ त्या जागी थांबली नसती. ती आपल्या वेगाने पुढे गेली असती आणि मुलगा तिच्यामागे धावत बसला असता. वन्स मोअरचंही तेच. तो आला तर पद पुन्हा कुठून उचलायचं, अंतऱ्यापासून की शेवटच्या तानेपासून, हे नट आणि साथीदार डोळ्यांनी ठरवतात. संगीत नाटकाचं पुनरुज्जीवन म्हणून जे काही करायचं ते इथे होतं. नेपथ्याला एलईडी पडदा लावून हवेली दाखवली म्हणून होत नाही.

सभागृहाचाही विचार करा. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह देखणं आहे, पण जवळजवळ दोन हजार खुर्च्यांचं. तिथे मागच्या रांगेत चेहरा दिसत नाही आणि गाणं स्पीकरमधूनच येतं. सिव्हिल लाइन्सला, वसंतराव देशपांडे सभागृहात, प्रयोग असेल तर मी जास्त खुशीने जाते. वर बसले तरी ऐकू नीट येतं, आणि संगीत नाटकाला कान पुढे लागतात, डोळे मागाहून.

आता पैशांचं. नागपूरला तिकीट पुण्यापेक्षा महाग का, असं विचारतात. तिकडे शनिवार-रविवारी एकाच नेपथ्यावर पुणे, ठाणे, पार्ले असे तीन-चार प्रयोग उरकता येतात. इकडे यायचं तर ट्रक आदल्या दिवशी निघणार, आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला तरी टोल आणि डिझेल आहेच. नट रात्रीच्या गाडीने किंवा विमानाने. शिवाय वाद्यं आणि वादक. गद्य नाटक चार नटांत भागतं, इथे पडदा वर जायच्या आधीच तीन-चार माणसं जास्त असतात. सगळ्यांचं राहणं, जेवण, सभागृहाचं भाडं, आणि एवढं सगळं एका प्रयोगासाठी, फार तर दोन. तो खर्च एवढ्याशा खुर्च्यांवरच वाटला जातो. त्यात ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्यावर गेलं की लागतो. म्हणून पाचशेची रांग आणि तिच्या पुढची रांग यांत जी उडी दिसते ती सगळी आयोजकाच्या खिशात जात नाही.

तरीही पहिल्या रांगांचे दर मला पटत नाहीत. सोफ्यावर बसून, पाण्याची बाटली मिळवून गाणं जास्त सुरेल लागत नाही. वर बाल्कनीत तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा. महाग तिकीट ही काही आजची कटकटही नाही. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'मानापमाना'त एकत्र उभे राहिले, तेव्हाचे दर त्या काळच्या नोकरदाराचे डोळे पांढरे करणारे होते. लोकांनी दिले, कारण भामिनी कोण आणि धैर्यधर कोण हे त्यांना माहीत होतं.

आपल्या गावाचा खरा घोळ निराळा आहे. आपल्याला फुकटाची सवय लागलीय. थंडीत मैदानांवर मोठमोठे कार्यक्रम होतात, देशातले नावाजलेले कलावंत येतात, प्रवेश पासावर. पास कोणाच्या तरी ओळखीने मिळतो, आणि मिळाला की माणूस अर्ध्यातून उठूनही जातो, कारण काही गेलेलं नसतं. मग सहाशे रुपये आकडा ऐकला की तो नाटकाचा दर वाटत नाही, दंड वाटतो. तेच कुटुंब मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नसकट त्याच्या दुप्पट घालवून येतं आणि हिशेब विचारत नाही. पाहुणा संच एकदा रिकाम्या खुर्च्या बघून गेला की पुढच्या दौऱ्यात नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि परत असा बेत आखतो. मग आपण म्हणतो, नागपुरात चांगली नाटकं येत नाहीत.

पासांच्या लोकांसाठी म्हणे पुढच्या दोन रांगा राखून ठेवाव्या लागतात. एका आयोजकाने मला सांगितलं की त्या रांगांमधली माणसं पहिल्या अंकाच्या मध्यावर येतात, मोबाइलचा दिवा लावून नंबर शोधतात, आणि नांदीपासून बसलेल्या तिकीटवाल्यांना उठवतात. मी त्याला म्हटलं, दारं बंद करत जा. तो म्हणाला, "तुम्ही सांगता का साहेबांना?"

तर जावं का? साथ प्रत्यक्ष असेल तर जा. बाल्कनीचं तिकीट काढा, वड्याची रांग मध्यंतराच्या दोन मिनिटं आधीच गाठू नका, पद तिथेच असतं. आणि ज्यांचा दुसरा प्रश्न "पास मिळतो का ताई?" असा असतो, त्यांनी मला पहिलाही विचारू नये.