शेवटचे पाच मेसेज

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप साधाच, पुस्तकं वाचणाऱ्यांचा. मी ॲडमिन. इन्व्हाइट लिंक उघडी ठेवली होती, ही चूक माझीच. त्या लिंकवरून एक जण आत आला, ग्रुपमध्ये चकार शब्द बोलला नाही आणि यादीतले नंबर उचलून बायकांना घाणेरडे फोटो पाठवायला लागला. मलाही आले.

मी तडक रिपोर्ट केलं. काही झालं नाही. मग मदतीचं पान नीट वाचलं. रिपोर्ट केलं की त्या माणसाकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीला दिसतात. हा गडी फोटो टाकला की पाठोपाठ ‘सॉरी ताई’, ‘चुकून आलं’, ‘गुड मॉर्निंग’ असे सहा-सात मेसेज टाकायचा. म्हणजे माझ्या तक्रारीतून गेलं काय, तर गुड मॉर्निंग!

मेसेज कुलूपबंद जातो, मधल्यामध्ये कंपनीलाही वाचता येत नाही, ते एन्क्रिप्शन म्हणजे अशांना मोकळं रान, कंपनीने प्रत्येक फोटो आधीच तपासावा, असं मी भावाला तावातावाने म्हटलं. तो याच कामातला. ॲपलने 2021 च्या ऑगस्टमध्ये तसंच काहीसं जाहीर केलं होतं, म्हणाला. आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत, जाणारे फोटो बालशोषणाच्या माहीत असलेल्या फोटोंच्या यादीशी फोनमध्येच ताडून पाहायचे. उद्या त्या यादीत कोण काय घुसडेल, अशी ओरड झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये बेत गुंडाळला गेला. शिवाय अमेरिकेतल्या एका बापाने डॉक्टरांसाठी आपल्या लहानग्याचे फोटो काढले, तर गुगलच्या यंत्रणेने ते शोषणाचे ठरवून त्याचं खातं बंद केलं. पोलिसांना गुन्हा दिसला नाही, तरीही खातं परत मिळालं नाही. मी गप्प झाले. लेकीच्या अंगावरच्या पुरळाचे फोटो माझ्याही फोनमध्ये आहेत.

‘कुलूप फोडायचं कशाला? मेसेज तुझ्या फोनवर उघडलेलाच असतो, तूच तो पुढे दे,’ भाऊ म्हणाला. आणि मी खोटाच मेसेज रचून दिला तर? त्यावरही तोड आहे. फेसबुक मेसेंजरने 2016 मध्ये गुप्त संभाषणं आणली, तेव्हा पाठवतानाच मेसेजचा एक सांकेतिक ठसा तयार होईल अशी सोय केली. सर्व्हर मजकूर न वाचता त्या ठशावर शिक्का मारतो. तक्रारीतला मजकूर ठशाशी जुळला, तरच तो खरा.

हे पटलं. पण राबायचं कोणी, तर ज्याला त्रास झाला त्यानेच. दुसऱ्यांदा तक्रार करताना मला तोच फोटो शोधून, त्यावर अंगठा दाबून धरून रिपोर्ट करावं लागलं. किळस आली. ग्रुपमधल्या दोघींनी तर ही घाण नको म्हणून सगळं चॅट आधीच उडवलं होतं. त्यांच्याकडे दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

लिंक बदलली आणि ग्रुपवर पिन करून टाकलं: आधी रिपोर्ट, मग ब्लॉक, डिलीट सगळ्यात शेवटी, आणि बोट त्या फोटोवरच धरायचं.

एकीने विचारलं, ‘डोळे मिटून धरलं तर चालेल का?’

चालेल, म्हटलं.