कॉइल की एअर?

पुण्याहून पुतण्याचा फोन येवो, नाहीतर इथे कॅनडातल्या स्क्वामिशच्या ट्रेलखाली कुणी अनोळखी भेटो, माझी एन्ड्युरो (खडतर डोंगरउतारांसाठीची) सायकल पाहिली की प्रश्न ठरलेला: मागचा शॉक (धक्के झेलणारा भाग) कॉइलचा, म्हणजे स्प्रिंगचा घ्यावा की एअरचा, म्हणजे कोंडलेल्या हवेचा? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. माझा उलट प्रश्न असतो, फ्रेम कुठली?

१६० मिमी ट्रॅव्हलच्या, म्हणजे मागचं चाक तेवढं वर उचललं जाऊ शकतं अशा सायकलवर शॉक जेमतेम ६५ मिमी दबतो. म्हणजे चाक सरासरी अडीच मिलिमीटर उचललं गेलं की शॉक एक मिलिमीटर आत जातो. हे प्रमाण शेवटपर्यंत तेच राहत नाही. काही फ्रेमवर ते कमी कमी होत जातं आणि शेवटच्या टप्प्यात चाकाला शॉक कडक लागतो. तिथे कॉइल बिनधास्त लावा. जिथे ते फारसं बदलत नाही, तिथे कॉइल लावून मोठा ड्रॉप (उंचावरून खाली उडी) मारलात की शॉक ठाणकन तळाला टेकतो. अशा फ्रेमला एअरच बरा. हवा जितकी दाबाल तितकी ती जास्त अडते, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर आत हवेची जागा कमी करणारे प्लास्टिकचे स्पेसर टाकता येतात.

कॉइलचं सुख कळतं ते पावसात, ओल्या मुळांवर. एअर शॉकमध्ये हवा कोंडून धरणारी सील्स असतात. त्यांचं घर्षण मोडल्याशिवाय शॉक हलत नाही. कॉइलला ती भानगड नाही, त्यामुळे बारीकसारीक खडबडीतही टायर जमीन सोडत नाही. व्हिसलर बाइक पार्कच्या लांबलचक उतारावर तापून एअरचा दाब वाढतो, तेही कॉइलमध्ये टळतं. डँपरचं (शॉकची हालचाल आवरणाऱ्या भागाचं) तेल मात्र दोन्हींत तापतं आणि पातळ झालं की रिबाउंड (शॉकचं परत उसळणं) वेगवान होतो. पण तिथल्याच ए-लाइनसारख्या उड्यांच्या ट्रेलवर मला एअरच आवडतो, उडी घेताना टेकायला काहीतरी मिळतं. शिवाय कॉइलचं अर्ध्या किलोच्या आसपास जादा वजन चढावर पाय बरोबर ओळखतात!

बरेच जण तुलना करतात ती नीट न लावलेल्या एअरची आणि नव्याकोऱ्या कॉइलची. आधी सॅग, म्हणजे तुमच्या वजनानं शॉक किती दबतो ते बघा. हेल्मेट, पाणी, बॅग सगळं घेऊन सायकलवर उभे राहा, शॉकवरची रबरी रिंग सीलला टेकवा, हलकेच उतरा. ६५ मिमी स्ट्रोकवर (शॉकच्या एकूण दबण्यावर) रिंग १९-२० मिमी सरकली की झालं. हवा भरताना मध्येमध्ये शॉक सावकाश दाबून सोडा, नाहीतर आतल्या दोन कप्प्यांतला दाब जुळत नाही आणि सॅग खोटा येतो. पंप काढताना फुस्स होतं ती नळीतली हवा, शॉकमधली नव्हे; घाबरून परत पंप लावू नका. मग एकाच ट्रेलवर, एकाच दिवशी, दर वेळी एकच गोष्ट बदलून बघा.

मी स्वतः पावसाळी महिन्यांत कॉइल लावतो, उन्हाळ्यात बाइक पार्कसाठी एअर. दोन बोल्टचं तर काम. कॉइल घेणार असाल तर स्प्रिंग बदलून देणारं दुकान गाठा, कारण वजनाच्या तक्त्यावरून घेतलेली पहिली स्प्रिंग क्वचितच बरोबर बसते.