गरिबी हटली तर धूर वाढेल का?

‘सगळ्या गरिबांना वीज दिली तर हवामानाचं काय होईल?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. गणित करून बघा.

पाच माणसांचं घर. पाच वॅटचे चार दिवे पाच तास, पन्नास वॅटचा एक पंखा आठ तास. दिवसाला अर्धा युनिट, वर्षाला साधारण १८० युनिट. सगळी वीज कोळशाची धरली, तरी युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे माणशी वर्षाला ३६ किलो. जगाची माणशी सरासरी साडेचार टनांच्या वर आहे! आधीच सुखवस्तू असलेल्यांचा विमानप्रवास आणि मोठ्या गाड्या सोडून या दिव्यांकडे बोट दाखवणं मला अन्यायाचं वाटतं.

स्वयंपाकाचं गणित तर उलटंच आहे: चुलीऐवजी गॅस आला तर धूर कमीच होतो. तीन दगडांच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम १० ते १५ टक्के भांड्याला लागते. अर्धवट जळण्यातून मिथेन (हाही हवा तापवणारा वायू) आणि काजळी निघते, आणि ही काजळी आधी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाते. गॅस खनिज इंधन असूनही त्याची निम्म्याहून जास्त उष्णता कामी येते. घोडं अडतं ते पुढच्या सिलिंडरपाशी. एकरकमी पैसे नसले की चूल पुन्हा पेटते आणि कागदावरची बचत कागदावरच राहते. म्हणून फुकट जोडणीपेक्षा थोडाथोडा गॅस विकत घेण्याची सोय जास्त उपयोगी पडते.

खरी चिंता दिवे-पंख्यांच्या पुढच्या टप्प्याची आहे: सिमेंट, पोलाद, दुचाकी. त्यासाठी आज बांधलेलं कोळशाचं वीजकेंद्र चाळीस वर्षं चालतं, म्हणजे तेवढी वर्षं धूर सोडत राहतं.